'गिव्ह अप': देणे, सोपवणे आणि सोडून देणे

'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हार मानणे. शब्दकोश एवढे सांगतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतेही. अडचण पुढे येते. माणसे सिगारेट 'गिव्ह अप' करतात, आशा करतात, वृद्धासाठी स्वतःची बसायची जागा करतात, आणि फरारी आरोपी पोलिसांपुढे येऊन स्वतःलाच 'गिव्ह अप' करतो. या शेवटच्या दोन ठिकाणी हार कुठे आहे? जागा देणारा हरलेला नसतो. मग या क्रियापदात 'गिव्ह', म्हणजे देणे, आले कुठून? याचे उत्तर शोधायला बाराव्या शतकात जावे लागते.

इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठात एका भिक्षूने ११५४ च्या सुमारास आधीच्या वीसेक वर्षांचा वृत्तान्त लिहून काढला. राजा स्टीफनच्या काळातल्या यादवीचा तो वृत्तान्त आहे. त्यात ११४० सालाखालच्या नोंदीत चेस्टरचा अर्ल, म्हणजे बडा सरदार, रॅनल्फ याची हकिगत येते. राजाने त्याला पकडून कैदेत टाकले आणि अटीवर सोडले. अट अशी की त्याने पवित्र वस्तूंवर हात ठेवून शपथ घ्यावी, ओलीस द्यावेत आणि आपले सगळे किल्ले 'यिवेन अप' करावेत. भिक्षू पुढे लिहितो, काही त्याने दिले आणि काही दिले नाहीत. 'गिव्ह अप'च्या अगदी जुन्या लेखी वापरांपैकी हा एक. इथे अर्थ सरळ आहे: किल्ला एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जातो. देणारा आहे, वस्तू आहे, घेणाराही आहे.

'यिवेन' या रूपाकडेही लक्ष द्यायला हवे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा उच्चार 'य'ने सुरू होई. आजचा 'ग' स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडमध्ये वसलेल्या लोकांच्या भाषेच्या प्रभावाने आला, असे मानले जाते. इतके रोजचे क्रियापदही शेजाऱ्यांच्या जिभेवर बदलले.

माझ्या मते 'गिव्ह अप'चा सगळा इतिहास म्हणजे घेणाऱ्याच्या हळूहळू नाहीशा होण्याचा इतिहास आहे. किल्ला राजाला दिला. प्राण दिला, तो देवाला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूच्या मृत्यूच्या वर्णनात 'गेव्ह अप द घोस्ट' असे शब्द आहेत आणि तिथे 'घोस्ट' म्हणजे भूत नव्हे, आत्मा. आपण प्राण सोडला म्हणतो, तेच. पण सवय सोडली किंवा आशा सोडली, तर ती घेतली कुणी? कुणीच नाही. वस्तू हातातून गेली, एवढेच उरले. पुढे वस्तूही गळाली. कोडे सुटत नाही म्हणून कुणी नुसतेच 'आय गिव्ह अप' म्हणतो, तेव्हा वाक्यात ना घेणारा असतो ना दिलेली वस्तू. उरते ती फक्त माघार.

क्रियापदामागे 'अप'सारखा छोटा शब्द लावून अर्थ फिरवण्याची रीत इंग्रजीत आधीपासून एवढी रुजलेली नव्हती. जुन्या इंग्रजीत तो तुकडा बहुधा क्रियापदाच्या आधी चिकटे. 'अंडरस्टँड', 'विथस्टँड' हे त्या पद्धतीचे उरलेले नमुने. आपल्याला ही गोष्ट परकी वाटायला नको. हृ या एकाच धातूपासून उपसर्गांच्या जोरावर प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार होतात, आणि उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो असे सांगणारा जुना श्लोक संस्कृत शिकणाऱ्याला पाठ असतो. वैदिक भाषेत तर हे उपसर्ग धातूपासून सुटे, दूरवरही उभे राहत. इंग्रजीत तो तुकडा क्रियापदाच्या मागे गेला, फरक एवढाच. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे की परभाषकांना सर्वांत जास्त त्रास याच प्रकाराचा होतो. अशा क्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच उशिरा, १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रूढ झाले. ते आपल्याला हेन्री ब्रॅडली या कोशकाराने सुचवले, असे त्याने तिथेच नोंदवले आहे.

१०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा आला. म्हणून आज 'गिव्ह अप'भोवती समानार्थी शब्दांची गर्दी दिसते, पण त्यांतला प्रत्येक वेगळ्या घरचा आहे. 'सरेंडर' मूळचा कायद्यातला, हक्क किंवा जमीन परत सोपवण्याचा. त्याच्या पोटातला फ्रेंच 'रांद्र' मागे नेत गेलो की लॅटिन 'दारे'पाशी पोचतो, म्हणजे देणे. संस्कृत दा हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे 'सरेंडर'च्याही तळाशी देणेच आहे, आणि आपल्या 'सोडून देणे'तही! 'यील्ड' अस्सल इंग्रजी. त्याचा मूळ अर्थ पैसे चुकते करणे, आणि जर्मन 'गेल्ट' म्हणजे पैसा हा त्याचा नातलग. 'क्विट'मध्ये सुटका आहे, ऋणातून मोकळे होणे. म्हणून नोकरी सोडताना तो शब्द शोभतो. 'रिलिंक्विश' म्हणजे मागे ठेवून जाणे. पद, हक्क, दावा यांच्यासाठी तो वापरतात आणि त्याला औपचारिक वास आहे. मूल किंवा बुडते जहाज मात्र 'अबँडन' करतात, तिथे वाऱ्यावर सोडल्याची छटा येते. राजाने गादी सोडली तर 'ॲब्डिकेट'. १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने केले ते हे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो 'गिव्ह इन'शी. 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे, 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे. दुसऱ्यात समोर दबाव आणणारा कुणीतरी लागतो, पहिल्यात नाही लागत. मुलाच्या हट्टापुढे आई 'गिव्ह इन' करते. तिने 'गिव्ह अप' केले असे म्हटले तर तिने प्रयत्नच टाकून दिला, असा अर्थ होईल.

वापराचे नियम थोडके आहेत. पुढे क्रिया आली तर ती 'इंग' लावून: 'गिव्ह अप स्मोकिंग'. 'गिव्ह अप टू स्मोक' म्हटले की धूम्रपान सोडल्याचा अर्थ निघतच नाही. सर्वनाम आले तर ते मधोमध बसते: 'गिव्ह इट अप'. नाम दोन्हीकडे चालते. आणि पुढे 'ऑन' आले की बोलण्याचा रोख बहुधा माणसाकडे वळतो. 'गिव्ह अप ऑन समवन' म्हणजे त्या माणसाबद्दलची आशाच सोडणे, आणि हे वाक्य अनेकदा नकारातच ऐकू येते: डॉक्टरांनी हात टेकले, पण घरच्यांनी आशा सोडली नाही.