‘गे’ हे लघुरूप नव्हे

समलिंगींसाठी वापरला जाणारा ‘गे’ (gay) हा इंग्रजी शब्द ‘गुड ॲज यू’च्या (Good As You, म्हणजे ‘तुमच्याइतकेच चांगले’) आद्याक्षरांतून बनला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. हा शब्द मध्ययुगातच जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. अर्थ होता आनंदी, खेळकर. भडक, झगमगीत कपड्यांनाही तो लावत, आणि १७व्या शतकात चैनी, स्वैर वागण्यालाही (आनंदावर लोकांचा संशय जुनाच!). समलिंगी हा अर्थ विसाव्या शतकात रुळला. १९६९मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या समलिंगींच्या बारमधल्या उठावानंतर समलिंगी हक्कांच्या चळवळीने हा शब्द अभिमानाने आपल्या नावात घेतला. आद्याक्षरांची जुळवाजुळव मागाहूनची. घोषणा म्हणून झकास, व्युत्पत्ती म्हणून खोटी. आज ‘आनंदी’ म्हणायला मात्र ‘हॅपी’ किंवा ‘चिअरफुल’च वापरा. जुन्या इंग्रजी कादंबरीत ‘गे पार्टी’ आली, तर ती बहुधा नुसती धमाल मेजवानी असते.