कूले द सेराँ: बूच काढण्याआधी हे वाचा

आमच्या दुकानातल्या व्हाइट वाइनमध्ये कूले द सेराँ सगळ्यात महाग आहे, आणि घाई केली तर सगळ्यात जास्त निराश करणारीही तीच. फ्रिजमधून काढून लगेच ग्लासात ओतली तर पहिला घोट आखडलेला, थोडा कडसर लागतो. तीच वाइन दुसऱ्या दिवशी पूर्ण वेगळी असते. म्हणून आमची पहिली विनंती अशी: जेवण उद्या असेल तर बूच आज काढा.

ही वाइन फ्रान्सच्या पश्चिमेला, आंजे शहराजवळच्या साव्हनिएर गावातली. ल्वार नदीच्या उजव्या काठावर दक्षिणेकडे तोंड केलेला तीव्र उतार आहे, आणि त्यावर जेमतेम ७ हेक्टरांची, म्हणजे साधारण १७ एकरांची ही बाग. जमीन शिस्टची: पापुद्र्यांचा काळपट खडक, त्यात गारगोटीचे तुकडे. माती पातळ, त्यामुळे मुळांना खडकाच्या फटींतून खाली जावं लागतं. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी वेलींना ऊब देतो आणि नदीवरून येणारा वारा घड कोरडे ठेवतो. काही भाग इतका चढा आहे की तिथे ट्रॅक्टर नाही, घोडा नांगर ओढतो. फ्रेंच कायद्यानुसार वाइनच्या प्रदेशाच्या नावाला संरक्षण असतं. सहसा त्या नावाखाली अनेक गावं आणि शेकडो बागायतदार असतात. इथे मात्र या एकाच बागेला स्वतःचं स्वतंत्र नाव मिळालं आहे.

सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंनी ११३० साली इथे वेली लावल्या आणि तेव्हापासून हा उतार द्राक्षांखालीच आहे. शेजारच्या रोश-ओ-म्वान किल्ल्याला १२१४ साली इंग्लंडच्या जॉन राजाने वेढा घातला होता. फ्रान्सचा युवराज लुई फौज घेऊन आल्यावर जॉनला तो उठवावा लागला. विसाव्या शतकात आंजेचेच प्रसिद्ध खाद्यलेखक क्युर्नोन्स्की यांनी फ्रान्सच्या सर्वोत्तम पाच व्हाइट वाइन निवडल्या, त्यांत ही एक होती. बाकी चार म्हणजे मोंराशे, शातो दिकेम, शातो ग्रिये आणि शातो शालों.

पण आम्ही ही वाइन ठेवतो ती राजे आणि याद्यांसाठी नाही, निकोला जोली यांनी या मातीसाठी जे केलं त्यासाठी. जोली न्यूयॉर्क आणि लंडनला बँकेत नोकरी करत होते. १९७७ मध्ये ते आईवडिलांनी घेतलेल्या या बागेत परतले. सुरुवातीला त्यांनी कृषी सल्लागाराचं ऐकून तणनाशकं मारली. दोनेक वर्षांत मातीचा रंग बदलला, ढालकिडे दिसेनासे झाले, तितरं गेली. पुढे बायोडायनॅमिक शेतीवरचं एक पुस्तक त्यांच्या हाती पडलं. एका तुकड्यावर प्रयोग करून १९८४ पर्यंत त्यांनी अख्खी बाग त्या पद्धतीवर आणली.

ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली दिलेल्या व्याख्यानांतून ही पद्धत निघाली. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं, वसंतात काढून पाण्यात तासभर घुसळायचं आणि ते पाणी शेतावर शिंपडायचं. कामाच्या वेळा चंद्र आणि ग्रहांच्या गतीवरून ठरतात. शेणाची ताकद मराठी शेतकऱ्याला कुणी सांगायला नको, ग्रहांचं मात्र प्रत्येकाने आपापलं ठरवावं. आमच्या मते खरा फरक पडतो तो रोज बागेत उभं राहून वेलींकडे बघणाऱ्या माणसामुळे. आता ही जबाबदारी जोलींची मुलगी व्हर्जिनी सांभाळते.

द्राक्ष शेनिन ब्लाँ. हे नाव नाशिककडच्या लोकांना ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडच्या अनेक व्हाइट वाइन याच द्राक्षाच्या आहेत. फ्रान्समध्ये मात्र वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि तोडणी शरदात होते. आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून तिला वळण द्यावं लागतं, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. त्यामुळे नाशिकची शेनिन ताजी, हलकी आणि लवकर पिण्याजोगी असते.

कूले द सेराँमध्ये तोडणी एकदाच होत नाही. माणसं काही आठवड्यांत चार-पाच वेळा तीच बाग फिरतात आणि दर वेळी फक्त पिकलेले घड हाताने काढतात. काही मण्यांवर बोट्रायटिस बुरशी धरलेली असते. बुरशी म्हटलं की आपल्या बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, पण पक्व मण्यावर कोरड्या हवेत ही बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, त्यांतून पाणी उडून जातं आणि मधासारखी चव मागे राहते. रस द्राक्षांवरच्याच यीस्टवर आंबतो, बाहेरचं यीस्ट घालत नाहीत. पिंपं बहुतेक जुनी, त्यामुळे ओकच्या लाकडाचा वास वर येत नाही. वाइन बहुधा कोरडी, म्हणजे गोड नसलेली, आणि अंगाने भरलेली असते आणि तिच्यात अल्कोहोल १४ टक्क्यांच्या पुढे जातं.

घरी कशी प्यावी

आदल्या दिवशी बूच काढून वाइन डिकँटरमध्ये ओता. तो नसेल तर स्वच्छ काचेचा जग चालेल. झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा. तापमान १४ अंशांच्या आसपास हवं. बर्फाच्या बादलीत ठेवली तर वास गोठतो. उरलेली वाइन फेकू नका, पुढचे दोन-तीन दिवस रोज थोडी चाखा. मध, मेण, बदाम, पिकलेलं नासपती आणि सुकलेली फुलं यांतलं काहीतरी रोज नव्याने पुढे येतं.

सोबत लोण्याच्या सॉसमधला नदीचा मासा हे तिथलं जेवण. आपल्याकडे नारळाच्या दुधातले खेकडे किंवा लोण्यावर परतलेलं पापलेट छान लागतं. तांबडा रस्सा किंवा झणझणीत कालवण नको, तिखटापुढे या वाइनचं काही चालत नाही.

रंग गडद सोनेरी दिसला किंवा कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला म्हणून बाटली खराब समजू नका, हा तिचा स्वभाव आहे. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास दुसऱ्या दिवशीही टिकला तर बूच खराब आहे. उरलेल्या वाइनसह बाटली आणून द्या, आम्ही बदलून देऊ.

लगेच उघडणार नसाल तर एप्रिल-मेमध्ये ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवू नका. घरात थंड जागा नसेल तर बाटली आमच्याकडेच राहू द्या आणि हवी तेव्हा घेऊन जा. याच बागायतदारांची ले व्ह्यू क्लो ही साव्हनिएर गावाच्या नावाची वाइन पुष्कळ स्वस्त आहे. शेनिनची ही तऱ्हा पहिल्यांदाच चाखणाऱ्यांना आम्ही तिच्यापासूनच सुरुवात करायला सांगतो. तिलाही काही तास हवा लागतेच.