गळे होते, पोरीच नव्हत्या : इंजिनिअरिंगच्या मुलींच्या समूहगानामागची गोष्ट

सोलापुरात युथ फेस्टिव्हल जवळ आला की इंजिनिअरिंगच्या पोरींचा समूहगानाचा ग्रुप आता इतका सहज दिसतो की नवीन पोरांना वाटतं हे पहिल्यापासूनच असणार. नव्हतं ओ. गाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे बायका कधी गप्पच बसल्या नाहीत, जात्यावर ओव्या, नवरात्रात हादगा, आणि शहराच्या पूर्वभागात तेलुगू पद्मशाली या विणकर समाजातल्या बायकांचा बतकम्मा, फुलांभोवती गोल फिरत टाळ्या, एकीनं ओळ सोडायची, बाकीच्यांनी "उय्यालो" म्हणत उचलायची. म्हणजे कोरस घरात होताच. कॉलेजात तो यायला पोरी लागतात आणि तिथंच सगळं अडलं होतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत एमआयटीनं १८७० मध्ये एलन स्वॅलोला घेतलं, ती तिथली पहिली बाई, आता एकटीचा कसला कोरस! हेलसिंकीत टेक्निकलच्या विद्यार्थ्यांचा पॉलीटेक कॉयर १९०० पासून आहे, पण तो पुरुषांचा. आपल्या देशात ए. ललिता १९४३ ला मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या, तेव्हा म्हणे सर्टिफिकेटवर छापलेलं "ही" खोडून "शी" करावं लागलं.

विद्यापीठांचा युवक महोत्सव तसा जुना, पहिला १९५४ ला दिल्लीत तालकटोरा गार्डनमध्ये झाला. समूहगानाचे नियम सोपे, गाणारे सहापर्यंत, साथीला तिघं, दहा मिनिटं, फिल्मी गाणं चालणार नाही. पण सहा पोरी आणायच्या कुठून? १९८३ ला वसंतदादांनी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, त्याच वर्षी सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट निघालं, पुढे राज्यात मुलींना ३० टक्के जागा राखीव झाल्या. माझ्या मते समूहगानाचं खरं श्रेय या जागांना, कुठल्या गाण्याच्या सरांना नाही.

आधी पोरी गात नव्हत्या असं नाही, पण मिक्स ग्रुपमध्ये. आणि तिथं पट्टीची, म्हणजे सा कुठं धरायचा याची, बोंब. मुलं काळी एक (पेटीचं पहिलं काळं बटण) धरणार, फार तर पांढरी दोन, पोरींचा गळा मोकळा होतो काळी चारला. मग काळी एकमध्ये खालचा पंचम (प) आला की पोरींच्या गळ्यातून नुसती हवा, आणि वरच्या सप्तकात जावं तर किंचाळल्यासारखं होतं. पाश्चात्त्य कॉयरमध्ये सोप्रानो-अल्टो, म्हणजे बायकांचे उंच आणि खालचे, असे आवाज वाटून देतात म्हणून निभतं, आपल्याकडे सगळे एकच चाल गातात. संगीतकार सलील चौधरींनी १९५८ ला बॉम्बे युथ कॉयर काढला, एम. बी. श्रीनिवासन यांनी १९७१ ला मद्रास युथ कॉयर, त्यांनी भारतीय गाण्यात आवाजांचे थर आणले, पण ते कॉलेजच्या हार्मोनियमपर्यंत कधी पोचलं नाही. आमच्याकडे उपाय एकच, पोरींचा ग्रुप वेगळा करा, पेटी काळी चारला लावा.

अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही. २००४ पर्यंत सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती, त्यामुळे मोठा फेस्टिव्हल कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे निघाला की मुक्काम आला, आणि मुक्काम म्हटलं की निम्म्या घरांतून "नाही". १ ऑगस्ट २००४ ला एका जिल्ह्याचं वेगळं सोलापूर विद्यापीठ झालं आणि फेस्टिव्हल जिल्ह्यातच आला, सकाळी जा रात्री घरी या, मग आयाच डबा भरून द्यायला लागल्या.

आमच्या वेळची प्रॅक्टिस ड्रॉइंग हॉलमध्ये, वर्कशॉपनंतर, हाताला अजून फायलिंगचा काळा कीस. पेटी टेबलावर ठेवली की कलंडायची कारण ड्रॉइंगची टेबलं उतरती, म्हणून तिच्याखाली एका बाजूनं दोन जाडजूड जर्नलं सरकवायची. दोघी मराठी, दोघी कानडी, एक तेलुगू, पाचच झालो. सर म्हणाले पाच उभ्या राहिल्या तर स्टेज रिकामं दिसतं. मग इलेक्ट्रॉनिक्सची एक धरून आणली, तीही पूर्वभागातली, गाता येत नाही म्हणून रडकुंडीला आलेली. तिला सांगितलं, तू नुसते ओठ हलव. तिनं ओठ हलवले आणि सवयीनं टाळी द्यायला लागली, बतकम्माची. दुसऱ्या दिवशी ढोलकीवाल्यानं ठेका बदलला.