तबकडीच्या बाजूचं शेवटचं गाणं का फाटतं?

अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगाने २०२२ सालच्या विक्रीचे आकडे जाहीर केले आणि जुन्या रेकॉर्डवाल्यांना स्फुरण चढलं. त्या वर्षी तिथे ४ कोटी १० लाख व्हायनल तबकड्या खपल्या आणि ३ कोटी ३० लाख सीडी. नगांच्या हिशेबात तबकडी सीडीच्या पुढे गेली ती १९८७ नंतर पहिल्यांदाच. अशी बातमी आली की पाठोपाठ एक वाक्य हमखास येतं: "डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे पाडतात हो, रेकॉर्डमध्ये अख्खा आवाज असतो."

हे वाक्य चूक आहे. सीडी दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेते हे खरं, पण त्या नमुन्यांवरून २२,०५० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या आवर्तनांच्या) खालची प्रत्येक लहर जशीच्या तशी परत उभी करता येते, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. स्पीकरकडे जाते ती गुळगुळीत लहरच, चित्रांत दाखवतात तसल्या पायऱ्या नव्हेत. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल, चांगल्या एलपीवर (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकडीवर) ६० ते ७०. कागदावर तबकडी सरळसरळ हरते.

तरीही साठ-सत्तरच्या दशकातलं रॉक किंवा त्या काळातलं हिंदी चित्रपटसंगीत तबकडीवर ऐकण्यात अर्थ आहे, कारण ते तबकडीसाठीच घडवलेलं आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची, म्हणून पडद्यावरच्या लांब गाण्याचं एखादं कडवं रेकॉर्डवर गळायचं, नाहीतर गाणं 'भाग १' आणि 'भाग २' असं दोन्ही बाजूंना वाटलं जायचं. पुढे एलपी आली, वेळ वाढला, आणि वेगळीच अडचण उभी राहिली: बाजूच्या शेवटी आवाज फाटायला लागला. ती समजायची तर खाचेत उतरायला हवं.

एलपीच्या एका बाजूला खाचा किती? एकच. बाहेरून आत जाणारी एक सलग चक्राकार खाच. वीस मिनिटांची बाजू धरली तर मिनिटाला ३३⅓ प्रमाणे साधारण ६६७ फेरे होतात आणि खाचेची लांबी भरते सुमारे ४३० मीटर. हे सगळे फेरे बसवायचे ते १४६ मिलिमीटर त्रिज्येपासून ६० मिलिमीटरपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे एका फेऱ्याच्या वाट्याला येतात १३० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

खाच इंग्रजी 'व्ही'सारखी असते आणि तिच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात असतात. आतल्या भिंतीवर डावा आवाज, बाहेरच्या भिंतीवर उजवा. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ सालीच याचं पेटंट मागितलं होतं. स्टिरिओ एलपी बाजारात यायला १९५८ उजाडलं. दोन्ही भिंती एकत्र डावी-उजवीकडे हलल्या तर सुई आडवी झुलते. दोन्हींत फरक पडला तर ती वर-खालीही होते, आणि जोरकस बास असा वर-खाली कापला तर सुई खाचेतून उडूनच जाते. म्हणून तबकडी कापणारे, म्हणजे मूळ तबकडीत खाच कोरणारे, अभियंते खालचे सूर दोन्ही भिंतींवर सारखेच ठेवतात. तेवढ्यानेही नेहमी भागत नाही. 'लेड झेपेलिन टू' ही रॉकची एलपी १९६९ साली बॉब लडविग या अभियंत्याने इतकी दणदणीत कापली होती की स्वस्त प्लेअरवर सुई उडते म्हणून कंपनीने ती मागे घेऊन पुन्हा, जरा दबक्या आवाजात कापून घेतली. शेवटच्या कोऱ्या पट्टीत 'आरएल' कोरलेल्या त्या पहिल्या प्रतींसाठी आज संग्राहक मुबलक पैसे मोजतात.

बासची दुसरी अडचण जागेची. सुईचा वेग तोच ठेवला तर सूर जितका खालचा, तितकी ती लांब झुलते. १००० हर्ट्झच्या सुराला सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने हलवलं तर झोका होतो ८ मायक्रॉनचा. त्याच वेगाने ५० हर्ट्झचा सूर कापला तर झोका १६० मायक्रॉनचा, म्हणजे सुई शेजारच्या फेऱ्यात घुसणार. उपाय म्हणून कापताना बास दाबतात आणि तिखट, म्हणजे वरचे, सूर फुगवतात. वाजवताना ॲम्प्लिफायर बरोबर उलटं करतो. १९५४ साली अमेरिकेत कुठला सूर किती दाबायचा-फुगवायचा याचा एक वक्र ठरला, त्याला 'आरआयएए' म्हणतात. त्याप्रमाणे ५० हर्ट्झला १७ डेसिबलची काटछाट होते आणि तो १६० मायक्रॉनचा झोका २३ वर येतो. वरच्या टोकाला फायदा वेगळा: वाजवताना फुगवलेले तिखट सूर पुन्हा दाबले जातात, आणि त्यांच्याबरोबर तबकडीची स्वतःची खरखरही दबते.

टर्नटेबल थेट ॲम्प्लिफायरच्या साध्या 'ऑक्स' जोडणीत खोचल्यावर गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं का वाटतं, याचं उत्तर हेच. चुंबकवाल्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या छोट्या डबीतून) जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. ते शंभरेक पटीने वाढवून वर बास परत भरायचा असतो, आणि ते काम फोनो प्रीअँपचं. पूर्वीच्या पेटीवजा प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. ते वेगाऐवजी झोक्याच्या लांबीला प्रतिसाद देत असल्याने त्याचं प्रीअँपवाचून भागायचं. मात्र त्याची सुई पाच-सहा ग्रॅमने दाबायची आणि खाच घासून टाकायची. जुन्या बाजारात मिळणाऱ्या तबकड्या वरून चकचकीत दिसूनही वाजवल्यावर फाटतात, त्याला बऱ्याचदा हे कारण असतं.

आता शेवटचं गाणं. तबकडी फिरते एकाच गतीने, पण सुईखालून खाच मात्र एकाच वेगाने सरकत नाही. बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला ५१ सेंटिमीटर पळते. लेबलजवळ तीच २१ वर येते. सेकंदाचा आवाज तेवढाच, जागा मात्र अडीचपट कमी. १०,००० हर्ट्झचं एक आवर्तन बाहेर ५१ मायक्रॉन लांब असतं, आत २१.

फक्त दाटी झाली असती तरी एक वेळ चाललं असतं. खरं संकट वळणाचं आहे. खाचेच्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या काढायची तर खाचेच्या वेगाचा वर्ग घ्यायचा, आणि त्याला सुराच्या वारंवारतेच्या ६.२८ पटीने व भिंतीच्या हालचालीच्या वेगाने भागायचं. वर्ग आहे हे लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच आहे. समजा एका भिंतीवर १०,००० हर्ट्झचा सूर सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने कापलाय. बाहेरच्या कडेला त्याच्या वळणाची त्रिज्या येते ८३ मायक्रॉन. आतल्या कडेला फक्त १४. खाचेचा वेग अडीचपट घटला, वळण जवळजवळ सहापट तीव्र झालं.

साध्या सुईच्या गोल टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉन असते. १४ मायक्रॉनच्या वळणात १८ मायक्रॉनचा गोळा शिरणारच नाही. लांबलचक ट्रेलर घाटातल्या हेअरपिनवर येतो आणि कोपरा कापून जातो, तसं ती करते. कोपरा कापला की लहरीचा आकार बदलतो, आणि आकार बदलला म्हणजे मूळ सुरात नसलेले वरचे स्वर तयार होतात. कानाला हेच 'फाटणं' वाटतं. झांजेचा झणत्कार आणि गायकाच्या तोंडचे 'स', 'श' सर्वांत आधी फाटतात, कारण त्यांची बरीचशी ऊर्जा ५,००० ते १०,००० हर्ट्झमध्ये असते. 'शोले'च्या संवादांची पॉलिडॉरची एलपी हाताशी असेल तर बाजूच्या शेवटच्या दोन मिनिटांतले सकार कान देऊन ऐका. सुईची परीक्षा घ्यायला नुसतं बोलणं गाण्यापेक्षा बरं, झांजा-व्हायोलिनांच्या गर्दीत दोष लपतो.

वारंवारता त्या भागाकारात खाली आहे, म्हणून सूर दुप्पट चढला तर वळणाची त्रिज्या निम्मी होते. खालच्या सुरांना या भानगडीची झळ लागत नाही. म्हणून तर रॉक अल्बममध्ये बाजूची सुरुवात दणक्यात व्हायची आणि शेवटी गिटारवरचं एखादं शांत गाणं यायचं. त्यात निर्मात्याची आवड होतीच, पण कापणाऱ्या अभियंत्याची अटही होती. बारा इंची तबकडी ४५ फेऱ्यांनी कापली की खाचेचा वेग १.३५ पट होतो आणि वळणं १.८ पट सौम्य. महागड्या आवृत्त्या दोन-दोन तबकड्यांवर, ४५ फेऱ्यांनी काढतात त्या याचसाठी, आणि त्या जादा पैशांना खरोखर अर्थ आहे.

प्रत्येक जादा पैशाला मात्र अर्थ नसतो. 'मूळ टेपवरून थेट, डिजिटलचा स्पर्श नाही' असा बोलबाला असलेल्या एका अमेरिकन कंपनीच्या तबकड्यांमध्ये कित्येक वर्षं डिजिटल टप्पा होता, हे २०२२ साली बाहेर आलं. त्या काळात मोठमोठे कानसेन त्याच तबकड्यांना 'अस्सल ॲनालॉग ऊब' म्हणून नावाजत होते. मग सोन्याच्या मुलाम्याच्या वायरी आणि टर्नटेबलखाली ठेवायचे 'ऊर्जा शुद्ध करणारे' स्फटिक यांबद्दल वेगळं काय सांगायचं? तेवढ्या पैशांत चांगली सुई येते.

आणि सुईच घ्यावी. लंबगोल टोकाच्या सुईची बाजूची त्रिज्या साधारण ८ मायक्रॉन असते, ती १४ च्या वळणात आरामात बसते. हिऱ्याची सुई ५०० ते १००० तास चालते. नंतर ती घासून सपाट होते आणि तिच्या कडा खाच तासायला लागतात. टोकावरचा भार दोनच ग्रॅम, पण तो ज्या ठिपक्यावर टेकतो तो इतका बारीक की दाब दर चौरस सेंटिमीटरला काही टनांच्या घरात जातो.

नवी सुई बसवली तरी जुळणी चुकली तर आतला भाग फाटणारच. आधी पाणसळ ठेवून प्लेअर सपाट करा. मग अँटिस्केट (हाताची आत जायची ओढ तोलणारी कळ) शून्यावर आणून मागचं वजन फिरवत सुईचा हात अधांतरी तरंगेल असं करा, वजनावरची आकड्यांची कडी शून्याला आणा आणि कार्ट्रिज बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत न्या, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. आकड्यांवर विसंबू नका, सोनाराकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर सुई टेकवून खात्री करा. 'रेकॉर्ड झिजेल' या भीतीने भार कमी ठेवणं ही नेहमीची चूक आहे. हलकी सुई भिंत सोडते आणि परत येऊन आदळते. तिने होणारं नुकसान दशांश ग्रॅम जास्त भारापेक्षा मोठं असतं.

पुढचं काम कोनाचं. तबकडी कापणारं यंत्र सरळ रेषेत आत सरकतं, आपला हात मात्र एका खुंटीभोवती कमान काढत येतो. त्यामुळे सुई खाचेशी अगदी समांतर असते ती दोनच ठिकाणी, मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. हे दोन बिंदू आणि रेषा असलेला आखणीचा कागद योग्य मापात छापून घ्या, दोन्ही बिंदूंवर सुई टेकवा आणि कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून ते रेषांना समांतर येईपर्यंत सरकवा. एक बिंदू जुळला की दुसरा बिघडतो. पाच-सात फेऱ्या होतात, इलाज नाही. शेवटी अँटिस्केट भाराइतकं ठेवा. तरी उजवा स्पीकर आधी फाटत असेल तर जरा वाढवा. हात आत ओढला जातो तेव्हा बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते, आणि उजवा आवाज त्याच भिंतीवर आहे.

न्यू जर्सीहून कुणी काकाचा जुना टर्नटेबल आणतं, २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावतं, आणि सगळी गाणी रडकी वाजतात. मोटर बिघडलेली नसते. तिथल्या विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपली ५०, आणि जुन्या सिंक्रोनस मोटरी तिच्याच तालावर फिरतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ३३⅓ चे होतात २७.८ फेरे, आणि काळी दोनमध्ये गाणारी बाई पांढरी एकच्याही किंचित खाली उतरते. मोटरवरची पुली व्यासाने १.२ पट मोठी बसवली की काम होतं.

धुण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. व्हायनल म्हणजे पीव्हीसी. ते डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून खाचेच्या दिशेने पुसता येतं. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एकाच बोळ्याने दोन्ही पुसलंत तर ७८ वाली गेली. त्यांची खाचही रुंद असते, तिला ६५ ते ७५ मायक्रॉनची वेगळी सुई लागते. एलपीची सुई तिथे तळाशी घरंगळते आणि नुसती खरखर वाजवते. बोअरचं पाणी कशालाच वापरू नका, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी कागदी आतली पाकिटं काढून पॉलिथिनची घाला. बुरशी आधी कागदाला धरते आणि तिथून खाचेत उतरते. तबकड्या उभ्याच ठेवा, तिरक्या टेकवल्या तर वाकतात.