गोव्यात घरावर सोलर बसवायचाय? कोणाला मिळतो, कागद काय लागतात, अर्ज कसा पुढे सरकतो

पीएम सूर्यघर मोफत बिजली योजनेत घरावर ३ किलोवॅटचा सोलर बसवला की केंद्राची ७८,००० रुपये सबसिडी थेट खात्यात येते, हे एव्हाना बहुतेकांना माहीत झालंय. गावागावात वेंडरची माणसं फिरतायत, व्हॉट्सॲपवर पोस्टरं येतायत. पण आपल्याकडे अर्ज अडतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, मीटर कोणाच्या नावावर आहे तिथे. आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी लाइट बिल त्यांच्याच नावाने येतंय अशी घरं डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा कुठल्याही वाड्यावर सापडतील. बिल वेळेवर भरलं जातं म्हणून नाव बदलायची कोणाला गरजच वाटली नाही, आणि आता सोलरच्या वेळी ते समोर येतं. म्हणून वेंडरला फोन करायच्या आधी ताजं बिल हातात घ्या आणि वरचं नाव वाचा, बाकी सगळं त्यानंतर.

आधी पैशाचं सांगतो म्हणजे ते मिटलं. १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,०००, ३ किंवा त्याच्या वर कितीही बसवा ७८,००० वरच थांबतं. हा हिशोब करताना केंद्राने पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० खर्च धरलाय, बाजारात कोटेशन त्याच्या वर जातं, त्यामुळे "साठ टक्के सरकार देतं" असं कोणी सांगितलं तर ते या धरलेल्या किमतीचे साठ टक्के, तेही पहिल्या २ किलोवॅटलाच, तिसऱ्याला चाळीस, वेंडरच्या बिलाचे नाही. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग, यासाठी किलोवॅटला १८,००० मिळतात. योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, म्हणजे नावाचं काम बाकी असेल तर आजच सुरू करायला हवं. राज्याकडून वर काही भर मिळते का ते गेडाच्या म्हणजे गोवा ऊर्जा विकास संस्थेच्या ऑफिसात अर्जाच्या वेळी विचारून घ्या, राज्याच्या योजनांच्या अटी बदलत असतात, दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला काय मिळालं त्यावर जाऊ नका.

पात्रता तशी सोपी आहे. भारतीय नागरिक, स्वतःचं घर, सोलर बसेल असं छप्पर, चालू घरगुती वीज जोडणी, आणि आधी सोलर पॅनलसाठी कुठली सबसिडी घेतलेली नसावी. उत्पन्नाची अट नाही, दाखला मागत नाहीत. घरगुती हा शब्द मात्र नीट लक्षात ठेवा, कारण किनारपट्टीला बऱ्याच घरांत खोल्या भाड्याने देतात आणि जोडणी कमर्शियल करून घेतलेली असते, अशा मीटरवर ही सबसिडी बसत नाही. घर राहण्याचं आणि होमस्टेचं असं वेगळं असेल, मीटर दोन असतील, तर अर्ज राहत्या घराच्या मीटरवर करा. भाडेकरूला अर्ज करता येत नाही, घरमालकानेच करायचा.

आता नावाचं. अर्जदार, लाइट बिल आणि बँक खातं तिन्हीवर नाव एकच असायला हवं, आणि एकच म्हणजे स्पेलिंगसकट. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, बिलावर नाही, पासबुकावर फक्त आद्याक्षर, असं असेल तर सबसिडीचे पैसे शेवटच्या टप्प्यावर अडकतात आणि तोवर तुमचे सगळे पैसे वेंडरकडे गेलेले असतात. बिल मयत माणसाच्या नावावर असेल तर आपल्या भागाच्या वीज खात्याच्या सब-डिव्हिजनला नाव बदलाचा अर्ज द्यायचा, त्यासोबत मृत्यू दाखला, भरलेलं शेवटचं बिल, घरपट्टीची पावती, तुमचं आधार, वारस असल्याचा कागद आणि बाकीच्या वारसांची ना हरकत. वारसाचा कागद गोव्यात बहुतेक वेळा सब-रजिस्ट्रारसमोर केलेला वारसा दस्त असतो, २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्याखाली तो होतो, आणि ज्या घरात वाटणी झालेली आहे तिथे इन्व्हेंटरीचा, म्हणजे कोर्टातल्या वाटणीचा, आदेश असतो तो चालतो.

अडचण येते ती ना हरकतीची. आपल्याकडे घर सामायिक, चार भाऊ दोन बहिणी, एक मुंबईला, एक कुवेतला, एका बहिणीशी गेली दहा वर्षं बोलणं नाही. शिवाय नवरा-बायकोची मालमत्ता आपल्या कायद्यात सहसा सामायिक धरतात, म्हणून सही करताना जोडीदाराचीही लागते, हे बऱ्याच जणांच्या ऐनवेळी लक्षात येतं. भाऊ-बहिणींना एक गोष्ट स्पष्ट सांगा, वीज मीटर कोणाच्या नावावर आहे यावरून घराची मालकी ठरत नाही, मीटरवर नाव आलं म्हणून कोणाचा हिस्सा कमी होत नाही. ना हरकतीच्या कागदातच तसं एक वाक्य लिहून घ्या की ही संमती फक्त वीज जोडणी आणि सोलरपुरती आहे, मालकी हक्काला बाधा नाही. बहुतेक सह्या अडतात त्या या भीतीने, आणि ती भीती खोटी ठरवायला हे एक वाक्य पुरतं. चतुर्थीला सगळे गावी येतात तेव्हा सह्या करून घ्या, परदेशातल्या माणसाला कुरियरने कागद पाठवून वकिलातीत साक्षांकन करून घेण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

मुंडकार घरांचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्यांच्या घरांचं, थोडं वेगळं. १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली नाव नोंद झालेलं असेल, मामलेदाराचा आदेश असेल, घर विकत घेतल्याचा दाखला असेल तर ते कागद जोडा. नोंदच नसेल तर आधी ते काम हातात घ्या, ते सोलरसाठी नाही तरी पोराबाळांसाठी करायलाच हवं.

छपराकडे येऊया. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. आपली जुनी घरं मंगळुरी कौलांची, खाली लाकडी वासे आणि रिपा, त्यावर थेट पॅनल चढवायला मी तरी सांगणार नाही. वासा कुजलेला आहे की नाही ते कौलं काढल्याशिवाय कळत नाही, आणि पॅनलखालचं एक कौल फुटलं की पावसात ते बदलायला पॅनलच उतरवावं लागतं. त्यापेक्षा मागचा न्हाणीघराचा, स्वयंपाकघराचा स्लॅब, गाडीच्या शेडचा स्लॅब, असं काही आहे का बघा. स्लॅबवर आधीच पत्र्याचं छप्पर असेल तर स्ट्रक्चर त्या पत्र्याला नाही, खालच्या लोखंडी खांबांना बांधलेलं असावं. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, उतार साधारण १५ अंशांचा, आपल्या अक्षांशाला तो बरोबर बसतो आणि पावसाने धूळही धुऊन जाते. माडाची सावली सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात कुठे पडते ते एकदा स्वतः उभं राहून बघा, वेंडर येतो तो पाच मिनिटांसाठी येतो. एका झावळीची सावली दोन पॅनलवर पडली तरी त्या ओळीचं उत्पादन पडतं.

समुद्राजवळ असाल तर लोखंडावर कंजूषी नको. रंग मारलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं, हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियम स्ट्रक्चर आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट कोटेशनमध्ये लिहून घ्या. वाऱ्याचंही विचारा, आयएस ८७५ या भारतीय मानकात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, स्ट्रक्चर त्याला धरून केलंय का हा प्रश्न विचारला की समोरचा किती पाण्यात आहे ते कळतं.

किती किलोवॅट घ्यायचा? वर्षाची बिलं काढा, युनिटची सरासरी काढा. १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास, पण ही सरासरी आहे, जुलैमध्ये ती बरीच खाली येते आणि मार्च-एप्रिलमध्ये भरून निघते. सरकारचा ढोबळ सल्ला असा की १५० युनिटपर्यंत १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० ला २ ते ३, त्याच्या पुढे ३ च्या वर. गोव्याचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो, १०० पर्यंत एक, २०० पर्यंत एक, असं ४०० च्या वरपर्यंत, आणि सोलर सगळ्यात आधी वरचे महाग युनिट कापतो. त्यामुळे ज्यांचं बिल मुळात ८०-९० युनिटचं आहे त्यांना पैसे वसूल व्हायला खूप वर्षं लागतात. त्यांनी घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, वेंडर काहीही सांगो.

अर्ज पोर्टलवरच करायचा, पीएम सूर्यघर डॉट गव्ह डॉट इन, दुसऱ्या कुठल्या लिंकवर नाही, आणि नोंदणीला पैसे लागत नाहीत. मोबाइल नंबरने लॉगिन, राज्य गोवा, वितरण कंपनीच्या जागी गोव्याचं वीज खातं, मग बिलावरचा सीए नंबर टाकायचा आणि बिल अपलोड करायचं. मोबाइल नंबर घरातल्या माणसाचाच द्या, वेंडरचा नाही, पुढचे सगळे ओटीपी त्यावर येतात आणि वेंडर बदलायची वेळ आली तर तुमचा अर्ज त्याच्या फोनमध्ये अडकतो. २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल झाला त्यानुसार १० किलोवॅटपर्यंतच्या पूर्ण भरलेल्या अर्जाला तांत्रिक तपासणी लागत नाही, तो मंजूर धरला जातो, आणि मंजूर भार वाढवायची गरज असेल तर तेही वीज खात्यानेच करायचं. ५ किलोवॅटपर्यंत लाइन, ट्रान्सफॉर्मर मजबूत करायचा खर्चही खात्याचा. हे लक्षात असू दे, कोणी वेगळे पैसे मागितले तर विचारता येतं.

मंजुरीनंतर पोर्टलवरच्या यादीतूनच वेंडर निवडायचा, यादीबाहेरच्याने बसवलं तर सबसिडी नाही. करार लेखी करा, त्यात पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशन जुन्या दराने तर नाही ना ते बघा. पॅनल भारतात बनलेले हवेत आणि आतले सेलही भारतातलेच, त्याला डीसीआर पॅनल म्हणतात, वेंडर त्याचं सर्टिफिकेट देतो ज्यावर प्रत्येक पॅनलचा सीरियल नंबर असतो. पॅनल टेम्पोतून उतरले की वर चढवायच्या आधी खाली अंगणातच मागच्या स्टिकरचे नंबर सर्टिफिकेटशी जुळवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा, एकदा ते स्ट्रक्चरवर बसले की मागचं स्टिकर वाचायला कोणी वर जात नाही. पैसे कमी पडत असतील तर ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंतचं बिनतारण कर्ज सरकारी बँका देतात, अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून.

बसवून झालं की नेट मीटरसाठी, म्हणजे घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरसाठी, अर्ज, मग खात्याचा इंजिनियर तपासणीला येतो, मीटर बदलतो, आणि सिस्टिम सुरू झाल्याचा दाखला पोर्टलवर चढतो. त्यानंतर बँकेचा तपशील आणि कॅन्सल चेक अपलोड करायचा, सबसिडी साधारण ३० दिवसांत येते असं सरकार सांगतं. कॅन्सल चेकवर नाव छापलेलं असावं.

नेट मीटर वाचायला शिकून घ्या. बटण दाबत गेलं की स्क्रीनवर १.८.० येतं ते तुम्ही लाइनवरून घेतलेले युनिट, २.८.० येतं ते तुम्ही लाइनला दिलेले. दर महिन्याला दोन्हीचा फोटो काढून ठेवला तर बिलाशी ताडून बघता येतं. जास्त दिलेले युनिट पुढच्या बिलात वळते होतात, आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी जे उरतात त्याचे पैसे जेईआरसी म्हणजे आपल्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, तो दर आपण भरतो त्या वरच्या टप्प्यांपेक्षा कमी असतो, म्हणून जास्त बसवून वीज विकून कमावू हा विचार सोडा.

लाइट गेली की साधा ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेला बिनबॅटरीचा, सोलर पण बंद होतो, ऊन कितीही असो. आडवी पडलेली लाइन जोडायला लाइनमन पोलवर चढलेला असतो, तुमच्या घरातून करंट उलटा गेला तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, स्वतःहून थांबतो. पावसाळ्यात तासन्तास लाइट जाणाऱ्या गावात हे आधी सांगायलाच हवं. बॅकअप हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, बॅटरीला सबसिडी नाही.

एका ट्रान्सफॉर्मरवर बऱ्याच घरांचे सोलर आले की आणखी एक त्रास दिसतो. दुपारी सगळे वीज देतायत, घेणारं कोणी नाही, मग लाइनचा व्होल्टेज चढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतात. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये तारीख-वेळेसकट एरर दिसतो, त्याचे स्क्रीनशॉट घेऊन सब-डिव्हिजनला लेखी द्या, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून किंवा घरं दुसऱ्या फेजवर टाकून ते सुटतं. स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाचा किंवा त्याहून बारीक हिशोब ठेवतात ते इथे कामाला येतात, कुठल्या वाड्यावर कधी वीज उलटी येते हे खात्याला ऑफिसात बसून दिसतं. गोव्यात स्वतःची वीज निर्मिती नावालाच आहे, आपली बरीचशी वीज कोरबा, विंध्याचल अशा लांबच्या कोळशाच्या प्रकल्पांतून येते, त्यामुळे वाड्यावरच्या छपरांची वीज वाड्यावरच वापरली गेली तर ती आपल्याला इतरांपेक्षा जास्त हवी आहे.

फ्लॅटवाल्यांनी गच्ची सामायिक असते म्हणून सोसायटीचा ठराव घ्यावा लागतो. सोपा मार्ग म्हणजे सोसायटीच्या नावाने सामायिक मीटरवर बसवणं, त्याने मेंटेनन्स कमी होतो. सोसायटीची नोंदणीच झालेली नसेल, बिल्डरच्याच नावावर मीटर असेल, तर परत नावाचाच मुद्दा, तिथूनच सुरुवात.

अर्ज कुठे अडला तर पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा १५५५५ वर फोन करा. मीटर, बिल, तपासणीचं काम वीज खात्याकडे अडलं असेल तर आधी सब-डिव्हिजनला लेखी अर्ज आणि त्याची शिक्का मारलेली पोच, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथेही नाही झालं तर जेईआरसीचा विद्युत लोकपाल. पोच नसेल तर मंचासमोर दाखवायला काही राहत नाही, म्हणून दुसरी प्रत घेऊनच काउंटरवर जा.