गेम डी ड्राइव्हवर, सेव्ह सी ड्राइव्हवर

गेल्या दिवाळीत भाच्याचा फोन आला. "मामा, नवा पीसी तयार झाला. जुना ताईला देतोय. माझे सगळे गेम डी ड्राइव्हवर आहेत, म्हणून सी फॉरमॅट करून टाकला." डी ड्राइव्ह त्याने नव्या पीसीला जोडला, स्टीममध्ये, म्हणजे गेम विकत घेऊन चालवायच्या ॲपमध्ये, लायब्ररी (गेम ठेवायची जागा) म्हणून दाखवला आणि गेम लगेच दिसायला लागले. माइनक्राफ्टमध्ये तीन वर्षं खपून बांधलेलं गाव मात्र गेलं. मला त्याचा दोष वाटत नाही. 'गेम' आणि 'सेव्ह' या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या वेगवेगळ्या जागी राहतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

गेम म्हणजे कंपनीने बनवलेला माल. तुमच्या पीसीवरचा 'द विचर 3' आणि शेजाऱ्याचा सारखाच. गेला तर परत डाउनलोड होतो. 50 जीबीला 40 एमबीपीएसच्या लाइनवर साधारण पावणेतीन तास लागतात. सेव्ह म्हणजे त्या गेममध्ये तुम्ही काय केलंत त्याची नोंद. बऱ्याचदा जेमतेम काही एमबीची, पण ती पुन्हा कुठून मिळणार?

दोन्ही एकाच फोल्डरात का नसतात? 2007 साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून साध्या प्रोग्रामला 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये परवानगीशिवाय लिहिता येत नाही. शिवाय एकच पीसी घरातली चार माणसं वापरत असली तर प्रत्येकाची प्रगती वेगळी ठेवावी लागते. म्हणून बहुतेक गेम सेव्ह तुमच्या युजर फोल्डरात टाकतात, आणि तो असतो सी ड्राइव्हवर. विचरचे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये 'द विचर 3' या फोल्डरात, त्याच्या आत 'गेमसेव्ह्ज'मध्ये. माइनक्राफ्टच्या 'जावा' आवृत्तीचे युजर फोल्डरातल्या ॲपडेटाच्या आत, रोमिंगमध्ये. 'हॉलो नाइट'चे ॲपडेटातल्याच लोकललोमध्ये. काही गेम 'सेव्ह्ड गेम्स' हा फोल्डर वापरतात. ॲपडेटा मुळात लपवलेला असतो, त्यामुळे डोळ्यांनी शोधून सापडत नाही. एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत 'हिडन आयटम्स'वर टिक करा, मग दिसेल. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर डॉक्युमेंट्सचा पत्ताच बदललेला असू शकतो, तेही बघून घ्या.

गेम हलवणं सोपं आहे. घरात दोन्ही पीसी एकाच नेटवर्कवर असतील तर 2023 पासून स्टीम स्वतःच जुन्यावरून नव्यावर फाइली ओढून घेतं. हार्ड डिस्कवरून कॉपी केलीत आणि स्टीम तरीही 'इन्स्टॉल' दाखवत असेल तर घाबरू नका. त्याच लायब्ररीत इन्स्टॉल दाबा. आधीच्या फाइली ते ओळखतं आणि कमी असेल तेवढंच आणतं. पण यातल्या कुठल्याच वाटेने युजर फोल्डरातले सेव्ह येत नाहीत. स्टीमचा 'बॅकअप' पर्यायसुद्धा गेमचाच बॅकअप घेतो. नावामुळे फसायला होतं.

"पण क्लाउड आहे ना?" क्लाउड म्हणजे सेव्हची प्रत आपोआप इंटरनेटवर ठेवणारी सोय. काही गेमना ती आहे, काहींना नाही, म्हणून गेमच्या पानावर 'स्टीम क्लाउड' लिहिलंय का ते आधी पाहा. माइनक्राफ्ट जावाची तुमच्या पीसीवरची जगं आपोआप कुठेच चढत नाहीत, भाच्याचा घात तिथेच झाला. क्लाउड असला तरी नव्या पीसीवर कधी कधी दोन सेव्ह समोर येतात आणि कोणता ठेवायचा ते विचारलं जातं. इथे दोन्हींच्या तारखा नीट वाचा. नव्या पीसीवर चुकून सुरू केलेला पाच मिनिटांचा खेळ निवडलात तर शंभर तासांच्या सेव्हवर तोच बसेल.

सेव्ह हाताने न्यायचे तर नव्या पीसीवर गेम एकदा सुरू करून बंद करा, म्हणजे योग्य जागी फोल्डर तयार होतो. मग जुने सेव्ह त्यात टाका. 'एल्डन रिंग'सारख्या गेममध्ये सेव्ह स्टीम अकाउंटच्या क्रमांकाला बांधलेला असतो, तेव्हा अकाउंट तेच हवं.

आणि जुना सी ड्राइव्ह फॉरमॅट करायला देण्याआधी नव्या पीसीवर प्रत्येक गेमचा सेव्ह प्रत्यक्ष उघडा. नुसतं नाव यादीत दिसलं म्हणून थांबू नका. आत जा, घराचं दार उघडा, पेटीतलं सामान आहे का बघा.