राजाला 'चुकलास' कोणी सांगायचं? नाथान ते अँब्रोज

ख्रिस्ती उपवासकाळात बायबलमधलं स्तोत्र 51 वाचलं जातं, त्याच्या मथळ्यातच दिलंय की इस्राएलचा राजा दावीद बथशेबेकडे गेल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचं हे स्तोत्र. मागची गोष्ट 2 शमुवेल 11 आणि 12 मध्ये आहे. उरीया हित्ती युद्धावर गेलेला, इकडे राजा त्याच्या बायकोला, म्हणजे बथशेबेला, बोलावून घेतो, ती गरोदर राहते, मग सेनापती योआबाला पत्र जातं की उरीयाला ऐन लढाईत पुढे ठेवा आणि तुम्ही मागे सरका, आणि कहर म्हणजे ते पत्र खुद्द उरीयाच्याच हातून पाठवलं जातं!

नाथान येतो तो आरडाओरडा करत नाही. एका गरिबाची केस मांडतो, त्याची एकुलती एक मेंढी, त्याच्याच घासातलं खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी, ती शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली. दावीद भडकतो, चौपट भरपाई वसूल करा म्हणतो, तेव्हा नाथान सांगतो, तो माणूस तूच आहेस. निकाल राजाने स्वतःच दिलेला, आता अपील कुठे करणार? तो पाप कबूल करतो, क्षमाही मिळते, पण मूल जातं आणि घरातली तलवार, म्हणजे कुटुंबातला रक्तपात, काही हटत नाही. आपल्याकडच्या प्रवचनांत हा भाग जरा घाईत उरकतात, पण क्षमा झाली की फाइल बंद असं इथे तरी दिसत नाही.

आता थेट इ.स. 390. प्रेषित पौलाने ज्यांना पत्रं लिहिली त्याच ग्रीसमधल्या थेस्सलनीकात बुथेरिक नावाच्या सेनाधिकाऱ्याने रथशर्यतीतल्या एका लाडक्या सारथ्याला आत टाकलं, लोक खवळले आणि बुथेरिकलाच ठार केलं. रोमन सम्राट थिओडोसियसने बदला म्हणून शहरावर सैन्य सोडलं. चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या थिओडोरेटने मेलेल्यांचा आकडा 7000 दिलाय, पण तो पुढच्या शतकातला लेखक, त्यामुळे आकडा जपूनच घ्यावा.

मिलानचा बिशप अँब्रोजने सम्राटाला चर्चच्या दारातच अडवलं, हा सीन चित्रकारांचा फार आवडता, रूबेन्सनेही रंगवलाय. पण तोही थिओडोरेटकडूनच आलाय आणि बहुतेक इतिहासकारांना तो पटत नाही. अँब्रोजचं स्वतःचं पत्र मात्र शिल्लक आहे आणि मला ते त्या सीनपेक्षा भारी वाटतं. तब्येतीचं कारण सांगून तो शहराबाहेर राहिला, पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं, म्हणजे कारकुनालाही कळायला नको, त्यात दावीद आणि नाथानचा दाखला दिला, आदर कुठेही सोडला नाही, पण तुम्ही हजर असाल तर मला प्रभुभोजनाचा विधी करता येणार नाही हे स्पष्ट कळवलं. मत्तय 18:15 मध्ये आधी एकांतात जाऊन दोष दाखव असं येशू सांगतो, ते जवळपास तसंच झालं.

थिओडोसियसने ऐकलं. राजवस्त्रं उतरवून लोकांसमोर प्रायश्चित्त केलं आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या सुमारास त्याला प्रभुभोजनात परत सहभागी करून घेतलं. अँब्रोजच्या हातून 387 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या धर्मपंडित ऑगस्टीननेही या पश्चात्तापाबद्दल लिहिलंय.

फक्त अँब्रोजला देव्हाऱ्यात बसवायची घाई नको. 388 च्या सुमारास कॅलिनिकम (आजच्या सीरियात) इथे ख्रिस्ती जमावाने यहुद्यांचं सभास्थान जाळलं, तिथल्या बिशपने ते स्वखर्चाने बांधून द्यावं असा थिओडोसियसचा हुकूम होता, जो न्यायाला धरूनच होता, आणि याच अँब्रोजने भर चर्चमध्ये दबाव टाकून तो मागे घ्यायला लावला.